हमीपत्राचा कागद

साल मला नक्की आठवत नाही. शब्दही थोडे इकडचे तिकडे झाले असतील. सांगलीत छायाचित्रकार मंदाताई हिर्लेकरांचं पहिलं प्रदर्शन होतं. शेवटचा दिवस उजाडला तरी एकही चित्र विकलं गेलं नव्हतं. साखर कारखान्याचे अध्यक्ष बापूसाहेब शितोळे कृष्णेच्या घाटाच्या चित्रापुढे थांबले.

"घेतो. पण शंभर वर्षं रंग उडणार नाही, असं लिहून द्या, बाई!"

मंदाताईंनी संध्याकाळी चित्राच्याच कागदावर, त्याच शाईने हमीपत्र छापून आणलं. "दोन्ही शेजारी शेजारी लावा, बापूसाहेब. रंग उडाला की हे हमीपत्र दाखवायला या."

"तेव्हा दाखवू काय, कोरा कागद?" म्हणत बापूसाहेब खो खो हसले आणि त्यांनी चित्र घेतलं.

रंग टिकलाय का, याची अकरा वर्षांनी बापूसाहेबांच्या घरी जाऊन मी खात्री करायला गेलो. चित्र कपाटात जपून ठेवलं होतं आणि भिंतीवर हमीपत्र टांगलं होतं.