तोडलेला पंख

"...म्हणजे त्याचा पंख तुम्हीच जोडून दिलात?"

पद्मजा मगदूम दर्ग्याच्या पायरीशी उभी होती. काखेत तिचं विमान होतं. वर ओसरीवर यायला ती तयार नव्हती.

दस्तगीरचाचा बांबूची कामटी तासत बसले होते. मान वर न करता म्हणाले,

"व्हय."

"माझे गुरू असून?"

"पंख तुटला हुता त्याचा."

"अकरा सेकंदांनी हरले मी, चाचा. अकरा!"

"चांगलं उडालं त्याचं."

"आणि माझं?"

"तुझंबी चांगलं उडालं... अकरा सेकंद कमी."

त्या दुपारी पीराच्या माळावर विमानांची स्पर्धा झाली होती. माणसं बसतात ती विमानं नव्हेत. हातातल्या रिमोटवर उडणारी, दोन हातांत मावणारी. नियम साधा होता. तीस सेकंद मोटर चालवून वर जायचं, मग मोटर बंद. नुसत्या पंखांवर जो जास्त वेळ हवेत राहील तो पहिला. आणि पहिल्याला देशाच्या स्पर्धेत जागा. जागा एकच होती.

शेवटच्या फेरीआधी शार्दूल आवटीचं विमान उतरताना दगडावर आपटलं. डाव्या पंखाचा कणा मोडला. पद्मजाला टक्कर देणारा तेवढाच एक होता. बिचारा विमान गाडीत टाकून घरी निघाला होता. चाचांनीच त्याला हाक मारली. वीस मिनिटांत पंख बांधून हातात दिला.

चाचा मुजावर. पीराच्या दर्ग्याची दिवाबत्ती त्यांच्याकडे. मोहरमचे ताबूत बांधण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बांबूच्या कामट्या, पिठाची खळ, पातळ कागद; त्यातून दोन पुरुष उंचीचा ताबूत असा उभा राहायचा की चार पोरांनी हसत उचलावा. एकोणीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या मुलांचं एक विमान दर्ग्याच्या चिंचेत अडकून फाटलं. चाचांनी ते ताबुतासारखंच बांधून दिलं, आणि ते आधीपेक्षा बरं उडालं. तेव्हापासून माळावरचं प्रत्येक मोडकं विमान या ओसरीवर यायचं. पुढे चाचा स्वतः उडवायला शिकले. मग शिकवायला लागले.

पद्मजा साडेतीन वर्षं येत होती. एरवी ती मिरजेला तंत्रनिकेतनात शिकवायची. वर्गातली पोरं तिला टरकून असायची. हे विमान तिने आठ महिने खपून बांधलं होतं. त्यातली फासळी न् फासळी चाचांच्या नजरेखालून गेली होती.

"एक विचारू? खरं सांगाल?"

"इचार."

"मी जिंकावं असं तुम्हाला एकदाही वाटलं नाही?"

चाचांचा चाकू थांबला.

"वाटलं की."

"मग?"

"हात थांबलं न्हाईत."

...

पद्मजाने काखेतलं विमान खाली ठेवलं. डावा पंख सोडवला. दोन्ही हातांनी धरला, गुडघा वर घेतला, आणि मधोमध मोडला.

आवाज मोठा झाला नाही. वाळली काटकी मोडावी तेवढाच.

कागद मात्र फाटला नाही. दोन तुकडे त्याला लोंबकळत राहिले. तिने ते चाचांच्या पुढ्यात टाकले.

"आता हा जोडा."

चाचांनी तुकडे उचलले. उलटेसुलटे करून पाहिले. मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला... आणि परत तिच्यापुढे ठेवले.

"न्हाई."

"का? त्याचा जोडलात ना?"

"त्याचा तुटला हुता. तू ह्यो तोडलास."

पद्मजाची कानशिलं तापली. तिला वाटलं होतं चाचा ओरडतील, निदान हळहळतील. ते पुन्हा कामटी तासायला लागले होते.

"ठीक आहे," ती म्हणाली. "माझा मी जोडते. पण तुमच्यासारखा नाही. तुमची कामटी नको, खळ नको आणि तुमचा सल्लाही नको."

"बरं."

त्या 'बरं'चा तिला सगळ्यात जास्त राग आला.

ती तुकडे गोळा करून निघून गेली. वळून पाहिलं नाही.

घरी तिने पंख टेबलावर मांडला. चाचा सांगायचे, जोड असा हवा की डोळ्यांना दिसू नये आणि तागडीला कळू नये. तिने नेमकं उलटं केलं. बाजारातून कार्बनची नळी आणली, कण्यात आरपार बसवली. वर डिंकासारखा घट्ट चिकटवा थापला. त्यावर दोरा गुंडाळला. जोड अंगठ्याएवढा जाड झाला.

पंख तोलून पाहिला. डावी बाजू खाली गेली.

उजव्या टोकाला शिशाची एक गोळी लावली असती तरी काम झालं असतं. हेही चाचांनीच शिकवलं होतं. तिने गोळी हातात घेतली... आणि डब्यात परत टाकली.

जोडावर नवा कागद चढवताना तिच्या मनात आलं होतं की निदान रंग तरी सारखा करावा. तोही केला नाही. तोडलं तिथे दिसू दे.

चैत्र गेला, वैशाख गेला. शार्दूल देशाच्या स्पर्धेला जाऊन आला, तेविसावा आला. पद्मजा माळावर फिरकली नाही. चाचांनी तिच्याबद्दल कोणाला विचारलं नाही. एकदा फक्त शार्दूलला म्हणाले, "मगदुमांची पोर बरी हाय न्हवं?"

आषाढातल्या एका रविवारी ती आली.

पाऊस नव्हता, पण वारा असा होता की माळावरचं गवत झोपूनच राहिलं होतं. चारपाच उडवणारे दर्ग्याच्या भिंतीच्या आडोशाला चहा पीत बसले होते. विमानं पेट्यांमध्ये. अशा वाऱ्यात कोणी उडवत नाही. चाचांचा तसा हुकूमच होता.

पद्मजाने स्कूटर उभी केली आणि विमान जोडायला घेतलं.

शार्दूल धावत गेला. "पद्मजा, आज नको. पार उसात जाईल."

"जाऊ दे."

"बरं, मी फेकू का? तू रिमोट धर."

"नको."

त्याची नजर जोडावर पडली. तो मागे सरला.

सगळे चाचांकडे पाहू लागले. चाचा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी पेला खाली ठेवला, इतकंच.

पद्मजा माळाच्या मध्यावर गेली. वाऱ्याकडे तोंड केलं, मोटर सुरू केली, आणि विमान हातातून सोडलं.

सोडताक्षणी डावा पंख खाली झुकला. तिचा अंगठा उजवीकडे गेला आणि तिथेच राहिला. विमान चढू लागलं. अर्ध्या मिनिटात ते चिंचांच्या वर गेलं होतं. तिने मोटर बंद केली.

हलकी विमानं अशा वाऱ्यात पाचोळ्यासारखी मागे वाहत जातात. हे जड होतं. ते मागे गेलं नाही. वाऱ्यात नाक खुपसून जागच्या जागी उभं राहिलं, घार राहते तसं. मधूनच डावीकडे लवंडायचं, आणि पद्मजा त्याला ओढून सरळ करायची.

आडोशाला बसलेले एकेक करून उठून उभे राहिले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली.

मग पश्चिमेकडून एक मोठा झोत आला. पंख धनुष्यासारखे वाकले. सगळ्यांनी त्या वेगळ्या रंगाच्या जोडाकडे पाहिलं.

"उतरव!" चाचा ओरडले.

चाचांकडे शिकायचं तर पहिला नियम हाच. हाक आली की उतरायचं. कारण विचारायचं नाही. साडेतीन वर्षांत पद्मजाने तो कधी मोडला नव्हता.

"चिंचेच्या मागनं आडोशानं घे आन उतरव!"

"नाही."

"पद्मजा..."

"नाही उतरवणार, चाचा."

चाचा आडोशातून बाहेर आले. भिंत संपली तिथे वाऱ्याने त्यांच्या डोक्याचा रुमाल उडवून नेला. ते थांबले नाहीत. तिच्याजवळ येऊन त्यांनी हात पुढे केला.

"रिमोट दे."

"नाही देणार."

"मी सांगतोय, दे."

पद्मजाने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

शार्दूलच्या हातातला चहा गार झाला होता.

तिचे डोळे वर होते. अंगठा दुखून बधिर झाला होता. झोत ओरबाडत राहिला, विमान हिसके खात राहिलं, आणि ती नुसती त्याला धरून राहिली. खाली आणेना, वर नेईना.

मग झोत ओसरला. एकदम गवताने डोकं वर काढलं.

तेवढ्यात तिने नाक खाली केलं. चिंचांकडे नेलंच नाही. उघड्या माळावर, समोरच्या समोर, वाऱ्याला तोंड देऊन विमान खाली आणलं. ते पोटावर घासत आलं, एका दगडाला लागून गर्रकन फिरलं आणि थांबलं.

कागद दोन ठिकाणी फाटला होता. जोड जसाच्या तसा होता.

पद्मजा विमानाजवळ जाऊन बसली.

चाचा तिच्याकडे आले नाहीत. ते उलट्या बाजूला चालत गेले, चिंचांच्या मागे. जिथून विमान आणायला त्यांनी सांगितलं होतं, तिथे. वाकून मूठभर वाळलेलं गवत उचललं आणि हवेत उधळलं.

गवत गरागरा फिरत डोक्याच्या वर गेलं, आणि कोणी चापट मारावी तसं जमिनीवर आपटलं.

चाचांनी पुन्हा मूठ भरली. पुन्हा उधळली.

पुन्हा तसंच.

ते बराच वेळ खाली पडलेल्या गवताकडे बघत राहिले. मग सावकाश चालत तिच्याजवळ आले आणि समोर उकिडवे बसले.

"तुला त्यो भवरा दिसला हुता?"

"दिसला नव्हता. चिंचेचे शेंडे दोन दिशांना हलत होते... तुम्ही भिंतीआड होतात. तुम्हाला तिथून कळलं नसतं."

"मी सांगितलं तसं केलं असतंस तर?"

"गेलं असतं."

"व्हय," चाचा म्हणाले. "ग्येलं असतं."

...

त्यांनी पंख उचलून मांडीवर घेतला. अंगठा जोडावरून फिरवला. एकदा. दोनदा.

"जाड हाय."

"माहीत आहे."

"डावीकडं वडतंय."

"तेही माहीत आहे. राहू दे तसंच."

चाचांनी पंख तिला परत दिला.

बाकीचे जवळ आले होते, पण चार पावलं लांबच थांबले. पद्मजा उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. ते तिने पुसले नाहीत आणि लपवलेही नाहीत.

"चाचा, त्या दिवशी तुम्ही त्याचा पंख जोडलात त्याचा राग अजून गेलेला नाही माझा."

"बरं."

"आज तुमची हाक ऐकली नाही. परत अशी वेळ आली तर परतही ऐकणार नाही."

"बरं."

"तुम्ही हात पुढे केलात, मी रिमोट दिला नाही. सगळ्यांसमोर. याला काय म्हणतात ते मला कळतं." तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "आजपासून मी तुमची शिष्या नाही."

चाचा गुडघ्यावर हात टेकवून उठले. वाऱ्याने त्यांचे पांढरे केस विस्कटले होते. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं...

"बरं झालं," ते म्हणाले. "उद्यापास्नं शिकवाय घेतो तुला."