नावेच्या बुडातलं कथील

पूर्वी शूर्पारकात सुसेन राजा राज्य करीत असे, त्या काळी बोधिसत्त्वानं तिथल्याच एका साध्या व्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. समिक हे त्याचं नाव.

शूर्पारक म्हणजे आपलं सोपारं. आज तिथं गेलात तर खाडी गाळानं भरलेली दिसेल आणि इथं कधी बंदर होतं यावर विश्वास बसणार नाही. पण ते दिवस वेगळे होते हो. मोसमी वाऱ्याबरोबर गलबतं पश्चिमेच्या समुद्रात जात, पुढल्या मोसमाला परत येत, आणि कुणाचं गलबत आलं हे गावातल्या बायका नुसत्या शिडाच्या ठिगळांवरून सांगत. बंदराच्या मागेच कासारआळी होती. दिवसभर तिथं काशाची भांडी घडत. नव्या वाटीला चिंच लावून घासलं की जो पिवळा रंग चढे, तसा रंग आता कुठल्या भांड्याला चढत नाही. असू दे. जुनं आठवायला लागलं की थांबवत नाही.

कासं होतं तांब्यात कथील मिसळून. तांबं इकडे मिळे, कथील मात्र समुद्रापलीकडून यायचं, आणि तिथंच कासारआळीचं घोडं अडलं होतं. गलबताचं पोट फळ्या घालून खणांत वाटलेलं असे आणि भाडं खणाचं असे. खण भरा नाहीतर रिकामा ठेवा, भाडं तेवढंच. मोठे व्यापारी खणच्या खण भरून माल आणत, त्यांना ते परवडे. एकट्या कासाराला वर्षाला कथील लागणार ते केवढं, तर डोक्यावरून घरी नेता येईल एवढं. तेवढ्यासाठी अख्ख्या खणाचं भाडं द्यायचं म्हणजे मालापेक्षा भाडंच भारी. मोठ्या व्यापाऱ्यांकडून घ्यावं, तर ते अडवून भाव सांगत. आळीतल्या भट्ट्या एकेक करून विझत चालल्या होत्या.

त्या आळीत रोहणी नावाची बाई होती. नवरा गेल्यावर तिनं भट्टी स्वतः हातात घेतली होती आणि ओतकाम असं करी, की सासऱ्यानंसुद्धा नाव ठेवू नये. तिच्याकडे थोडंसंच कथील उरलं होतं. पुढल्या मोसमात नवं आलं नाही तर भट्टी मोडायची आणि पोरींना घेऊन घाटावर भावाच्या घरी जायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. भाऊ वाईट नव्हता. पण भावजयीच्या चुलीपाशी मिंधं होऊन उभं राहणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

समिक दर मोसमाला धूप आणायला पलीकडे जाई. बापाच्या मागं जे काही हाती आलं ते सगळं त्यानं या एका धंद्यात घातलं होतं. कासारआळीची ही दशा त्याला बघवत नसे. लहानपणी थंडीत तो त्याच भट्ट्यांवर हात शेकायला जायचा, आणि तिथल्या बायका त्याला हाकलायच्याही आणि खाऊही द्यायच्या.

एकदा तो किनाऱ्यावर बसला होता. नुकतंच आलेलं एक गलबत रिकामं होत होतं, आणि खलाशी त्याच्या बुडातून पांढरट गुळगुळीत धोंडे काढून वाळूत टाकत होते. असले धोंडे आपल्या बाजूला सापडत नाहीत. वर्षानुवर्षं टाकून टाकून त्यांचा मोठा ढीग झाला होता आणि कोळणी त्यावर जाळी वाळत घालत. समिक जन्मापासून तो ढीग बघत आला होता. त्या दिवशी मात्र त्याच्या मनात आलं, की हे धोंडे एवढा समुद्र ओलांडून आले, मग यांचं भाडं कुणी दिलं?

तो उठला आणि गोलणकाकडे गेला. गोलणक त्या गलबताचा तांडेल. तोंडाचा फटकळ, पण समुद्रावर त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. त्यानं सांगितलं, की जाताना गलबत तांदूळ आणि कापडानं जड असतं, येताना हलकं. हलकं गलबत लाटेवर कलंडतं, म्हणून बुडात धोंडे भरायचे. या वजनाला नीरम म्हणतात. ते भरायला तिकडे हमाल लावायचे, काढायला इकडे लावायचे, आणि शेवटी फेकून द्यायचं. गोलणक हे असं सांगत होता, जणू समुद्रानं त्याच्याशी जन्माचं वैर धरलं होतं.

धोंड्यांच्या जागी कथील भरलं तर चालेल का, असं समिकानं विचारलं. गोलणक हसला.

"गलबताला बुडाशी वजन पाहिजे, शेठ," तो म्हणाला. "ते कशाचं आहे, हे गलबत विचारत नाही."

झालं. समिक कासारआळीत घरोघर फिरला. एकेकट्याचं कथील म्हणजे मूठभर, पण सगळ्या आळीचं एकत्र केलं तर नीरमाचं काम भागेल आणि भाडं काहीच पडणार नाही, असं त्यानं समजावलं. लोकांना आधी ते खरंच वाटेना. समिकाला ऊन लागलंय, असं एक म्हातारा सगळ्यांदेखत म्हणाला आणि मग सर्वांत आधी त्यानंच कथलाच्या बदल्यात द्यायला आपल्या थाळ्या आणून दिल्या. रोहणीनं घरातलं शेवटचं कथील तांब्यात ओतलं, त्याच्या वाट्या केल्या आणि त्या समिकाच्या हवाली केल्या. आता भट्टीत टाकायला तिच्याकडे काहीही राहिलं नव्हतं.

पलीकडे सौदा चांगला झाला. ज्याच्या त्याच्या घरची खूण उमटवलेल्या कथलाच्या विटा गलबताच्या बुडात बसल्या. वरच्या खणांत, रीतसर भाडं भरून, समिकाच्या धुपाच्या गोण्या लागल्या. वारा चांगला होता. भाद्रपदात गलबत परतलं, खाडीचं तोंड दिसू लागलं, खलाशी घरच्या गोष्टी बोलू लागले, आणि तिथंच वाळूच्या दांड्यावर गलबत रुतलं.

मागून वादळ येत होतं. भरती ओसरायच्या आत वजन कमी करून गलबत दांड्यावरून काढलं तर वाचणार होतं, नाहीतर लाटांनी ते तिथंच फोडलं असतं. अशा पाण्यात किनाऱ्यावरून होडी येणं शक्य नव्हतं.

असा प्रसंग आला की काय करायचं हे सगळ्या समुद्रावर ठरलेलं असे. आधी नीरम फेकायचं. इतकी वर्षं ते धोंडेच असत, त्यांची कुणाला पडली होती? गोलणकानं सवयीनं हुकूम सोडला आणि खलाशी बुडात उतरू लागले. समिक त्यांच्या आडवा उभा राहिला.

गोलणक चिडला. ज्या मालाचं भाडं घेतलं तो राखणं हे आपलं काम, आणि बिनभाड्याचा माल आधी जाणार हा रिवाज आपण केलेला नाही, असं त्यानं सुनावलं. शिवाय कथील जड. निम्म्या विटा गेल्या तरी गलबत वर उठेल. धूप टाकायचा म्हटलं तर सगळाच टाकावा लागेल. तांडेलाच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, आणि समिकाला ते कळत होतं.

रिवाज त्यालाही ठाऊक होता. तो काही पहिल्यांदा समुद्रावर आला नव्हता. पण आळीत फिरताना तो एवढंच बोलला होता, की भाडं पडणार नाही. संकट आलं तर सर्वांत आधी तुमचंच जाईल, हे सांगायचं त्याला सुचलं नव्हतं. स्वस्तात काम होतंय या आनंदात तेवढं राहून गेलं होतं.

"धूप टाका," तो म्हणाला.

"शेठ, तुमच्याकडे याच्याखेरीज काय आहे?"

"काही नाही. टाका."

गोण्या एकामागून एक पाण्यात गेल्या. शेवटच्या काही समिकानं स्वतः उचलून टाकल्या, आणि त्याला फार वाईट वाटलं. बोधिसत्त्व झाला म्हणून माणसाला वाईट वाटत नाही, असं थोडंच आहे? बापाची आयुष्यभराची कमाई होती ती. मग गलबत कुरकुरलं, हललं, आणि उरल्यासुरल्या भरतीच्या आधारानं कसंबसं खाडीत शिरलं.

दुसऱ्या दिवशी सगळी कासारआळी धक्क्यावर लोटली. विटा बाहेर निघाल्या, खुणा बघून ज्याच्या त्याला मिळाल्या. रोहणीनं आपल्या विटा पदरात घेतल्या आणि ती एकेक खूण बोटानं चाचपून बघू लागली. पोरी विचारत होत्या, आता मामाकडे जायचं नाही ना? ती नुसती मान हलवत होती. बऱ्याच वेळानं कुणाच्या तरी लक्षात आलं, की आपला धूप उतरवायला समिकानं हमाल बोलावलेच नाहीत. तेव्हा गोलणकानं, कुणी विचारायची वाट न बघता, झालं ते सगळं सांगून टाकलं.

 रोहणी समिकाजवळ आली.

"दादा, आमचं कथील गेलं असतं तर आम्ही नशिबाला बोल लावला असता," ती म्हणाली. "तुम्हाला कुणी एक शब्द बोललं नसतं."

"म्हणून तर, ताई," समिक म्हणाला. "तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

रोहणीची भट्टी त्याच दिवशी पेटली. पुढं कासारआळीनं ठरवलं, की कथील आणायचं ते असंच सगळ्यांनी मिळून, नीरमात घालूनच; पण धोका काय तो प्रत्येकाला आधी सांगायचा, आणि समुद्रात काही गेलंच तर ते सगळ्यांचं थोडं थोडं गेलं असं धरायचं. समिकाला स्वतःचा माल घेण्याची ऐपत यायला पुष्कळ वर्षं लागली. तोवर तो दुसऱ्यांचा माल आणत राहिला, आणि आळीतल्या कुठल्या ना कुठल्या घरी त्याचं पान मांडलेलं असे. माणसं तशी होती तेव्हा.

ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भिक्षूंच्या सभेत सांगितली. शेवटी ते म्हणाले, "त्या वेळचा गोलणक म्हणजे आज या सभेत बसलेला, बोलायला तसाच फटकळ असलेला भिक्षू सातिमित्र. रोहणी म्हणजे सकाळी संघासाठी पेज घेऊन येणारी उपासिका चापा. आणि समिक मी स्वतः होतो."

एक भिक्षू हात जोडून म्हणाला, "भंते, केवढी ही दानपारमिता, दानाची परिसीमाच."

"नाही," शास्ते म्हणाले. "ज्यांचं होतं ते त्यांच्या घरी पोचलं, त्यात दान कसलं? ही सत्यपारमिता. जे सांगायचं होतं ते मी सांगितलं नव्हतं, आणि न सांगितलेल्याचं भाडं मलाच भरायचं होतं."