चिनाईचा कौल

वेळशेतच्या बंदरावर, जुन्या जकात नाक्यामागे, टोके वर वळवलेल्या छपराचे एक बुटके देऊळ आहे. उंबरा गुडघाभर उंच. पाय उचलूनच आत जावे लागते. इंग्रजांच्या जुन्या दप्तरात त्याला ‘जॉस हाऊस’ म्हटले आहे. पोर्तुगिजांचा देववाचक शब्द खलाशांच्या तोंडी झिजून ‘जॉस’ झाला. मजला एकच असूनही एका कारकुनाने ‘पॅगोडा’ असेही लिहून ठेवले. गाव मात्र ‘चिनाई’ म्हणतो. किल्ली भिकाजी तांडेलांकडे असते. ते आधी देवीपुढच्या दोन लाकडी फाका दाखवतात, मगच कथा सांगतात.

आलिन नावाचा चिनी सुतार थोरल्या भावाबरोबर जहाजे दुरुस्त करायला येथे आला, असे सांगतात. पहिल्याच पावसाळ्यात भाऊ तापाने गेला. जाताना त्याने शब्द घेतला होता: माझी हाडे आईशेजारी पुरायची. यथावकाश आलिनने पुरलेली हाडे उकरून मडक्यात भरली आणि समुद्र राखणाऱ्या आपल्या देवीचे हे देऊळ बांधले. कौलाच्या फाका त्याने घरूनच आणल्या होत्या. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर; सपाट बाजू खाली आली की फाक पालथी. एक उताणी, एक पालथी पडली की होकार. दोन्ही पालथ्या, तर नकार. लागोपाठ तीन होकार मिळाल्याखेरीज हाडे जहाजावर चढवायची नाहीत, अशी त्याच्या लोकांची रीत.

चीनकडचे जहाज वर्षातून एकदाच, पावसाआधी येई. आलिन न्हाऊन, मडके उंबऱ्याशी ठेवून फाका टाकी. दोन्ही पालथ्या. तो मडके पुन्हा आत नेई. सतरा वर्षे असे चालले म्हणे.

अठराव्या वर्षी देऊळ झाडणाऱ्या येसू कोळणीने फाका हातात घेऊन पाहिल्या.

“आलिनदादा, सपाट अंगानं पाणी प्यायल्यात या. कशाही टाक, पालथ्याच पडणार. सुतार ना रे तू? दुसऱ्या कर की.”

“ठाऊक आहे. तिसऱ्या पावसाळ्यातच कळलं.”

“मग?”

“होकार देणारी फाक मीच तासली, तर बोललं कोण? देवी की मी?”

“आणि या नाही म्हणतात, ते कोण बोलतं?”

दुपारी आलिनने फणसाच्या लाकडाच्या नव्या फाका तासल्या. तीनदा टाकल्या, तिन्ही वेळा होकार आला. मडके कवेत घेऊन तो धक्क्यावर जाऊन बसला.

त्या वर्षी जहाज आले नाही. पुढे कधीच आले नाही. नव्या फाका आलिनने चुलीत घातल्या, असे सांगतात.

आजही पावसाआधी गावकरी उंबऱ्याशी मडकी आणून ठेवतात. आता ती दोन आहेत, दुसरे आलिनचे. मग जुन्याच फाका टाकतात. दोन्ही पालथ्या पडतात आणि मडकी आत जातात. नव्या का करत नाही, असे विचारले, तर भिकाजी तांडेल दाराला कुलूप घालत म्हणतात, “होकार आला, तर नेणार कोण?”