तळपायांना कळलेली वाट

"आणि आज मी तुम्हाला या धुक्यातून सुखरूप खाली नेलं, तर?"

निनादने विचारलं. अच्युतबुवा डोंगरमाथ्यावर वाकून पायात स्की चढवत होते.

"तर उद्यापासून लोकांना तूच खाली ने. माझे गुडघे तुला दुवा देतील."

बुवा मूळचे कणकवलीचे. तरुणपणी हिमालयात गेले, बर्फावरून घसरत उतरायला शिकले आणि तिथेच आश्रम काढून राहिले. आश्रमात येणाऱ्यांना ते ध्यान शिकवत आणि स्कीइंगही. माणूस दोन्हींत सारखाच आपटतो, म्हणत. पुण्याचा निनाद काही हिवाळे त्यांच्याकडे काढून आता सर्वज्ञ झाला होता. निदान त्याचं तरी तसं मत होतं.

"मोबाइल बघत उतरणाऱ्यांची मला कीव येते, बुवा. माझ्या तळपायांनाच वाट कळते."

"वा!" बुवा म्हणाले.

दोघे निघाले. धुकं असं दाट, की स्कीची टोकंही दिसेनात. उजवीकडे कुठेतरी दरी होती.

थोडं उतरल्यावर निनाद थांबला. "बुटाची कडी सैल झाली," म्हणत पाठ फिरवून वाकला आणि हळूच खिशातून मोबाइल काढला. नकाशावरचा निळा ठिपका बरोबर वाटेवर होता.

"डावीकडे घेऊ या. तळपाय सांगतायत."

"काय तळपाय आहेत!"

पुढे पुन्हा कडी सैल झाली. पुन्हा तळपायांनी कौल दिला. बुवांनी पुन्हा तोंडभरून कौतुक केलं.

मग कडी आणखी एकदा सैल झाली. निनाद वाकला... आणि वाकलेलाच राहिला. थंडीने मोबाइल बंद पडला होता.

वारा वाढला.

"काय म्हणतायत तळपाय?" बुवांनी अगदी जवळ येऊन विचारलं.

ठोकून द्यावं 'डावीकडे', असं त्याच्या मनात आलं. मग बुवांच्या बर्फाने पांढऱ्या झालेल्या भुवया दिसल्या आणि त्याला फार भीती वाटली.

"बुवा... मला वाट माहीत नाही. मी चोरून मोबाइल बघत होतो. तो बंद पडलाय."

बुवा हसले. असे हसले, की टोपीवरचा बर्फ खाली पडला. मग त्यांनी कोटाच्या आत, थेट काखेत हात घातला आणि स्वतःचा मोबाइल बाहेर काढला. चांगला उबदार होता. नकाशाही उघडाच होता.

"तुम्हीसुद्धा?"

"अरे मेल्या, एवढ्या धुक्यात न बघता कोण उतरतो? काखेत ठेवला की थंडीत बंद पडत नाही." त्यांनी तो निनादच्या हातात ठेवला. "घे. हो पुढे."

"पण बुवा, मी नापास ना?... मला वाट माहीत नाही, म्हटलं ना मी!"

"ऐकलं की. तुला माहीत होती, तोवर माझ्या पोटात नुसता गोळा आला होता. चल, मी आलो मागून."