पुनवेची चिंबोरी आणि राजाचा अंगठा

या, या, जवळ सरका. हर्षू, पाय आखड बघू. आणि गुणे, पदर कशाला धरून बसलीस गं? मी काय पळून जातेय? बरं, राहू दे. ऐका.

एक होता राजा. घाटावरचा हो! त्याला हुरडा कळे, भरलं वांगं कळे, समुद्रातलं मात्र काहीएक कळेना. पण समुद्रावरचं एक गाव त्याच्या राज्यात आलं, म्हणून तो थाटात खाली उतरला आणि खाडीकाठी तंबू ठोकून बसला.

त्या गावात राहायची चांगुणा कोळीण. अंगानं काटकुळी, पण चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरण्यात तिचा हात कुणी धरावा! पावसाळा तोंडावर आला, की दर्या खवळतो, होड्या काठावर ओढून माडाच्या झापांखाली झाकतात. मग चार महिने सगळं गाव खाडीवर जगतं. ओहोटीला चिखलात उतरायचं, बीळ हेरायचं, आकडी घालायची आणि चिंबोरी ओढायची. आणि एक रीत होती, बरं का. दिवसातली पहिली चिंबोरी टोपलीत टाकायची नाही. ती खाडीची. तिला सोडून द्यायची आणि मग दुसरीला हात घालायचा.

तर राजा म्हणाला, "आज पुनव आहे. चांगलं जेवू. चिंबोऱ्या आणा!"

चांगुणानं हात जोडले. "महाराज, पुनवेची चिंबोरी पोकल असते. चांदन्याच्या उजेडात ती बिलाभाहेर येत नाय, चरत नाय. अवसेला या, भरलेली देते."

"राजानं कधी जेवायचं, ते चंद्र सांगणार का?" राजा ओरडला.

मग काय! आणली. राजानं फोडली. आत पाणी. दुसरी फोडली, पाणी. तिसरी फोडली, तिच्यात तर पाणीसुद्धा नाही. राजाचं तोंड टोमॅटोसारखं लाल झालं.

"खाडीच लबाड आहे!" तो म्हणाला. "पुढच्या पुनवेला पोकळ निघाली, तर बांध घालीन आणि इथं मिठागर करीन!"

अगं बाई! खाडीला बांध म्हणजे गावाच्या पोटाला चिमटा. चांगुणाला घास गिळवेना. महिना कसाबसा सरला, पुनव आली, आणि चांगुणानं एक भलतीच युक्ती केली. पोकळ चिंबोऱ्या उकडल्या. बेसन घेतलं, कांदा, कोलंबी, लसूण, जराशी हिंगाची चिमूट. सारण केलं आणि कवट्यांत गच्च भरलं. दोऱ्यानं बांधून रश्शात सोडल्या.

राजानं बोटं चाटली. चांगुणाचा जीव भांड्यात पडला. पण थांबा. राजा काय म्हणाला? म्हणाला, "म्हणजे पुनवेला भरलेली मिळते तर! मागच्या वेळी मला फसवलंत. आता पुढच्या पुनवेला मी स्वतः धरणार. पोकळ निघाली, की लगेच बांध!"

झालं ना? एक लपवायला गेलं, की दुसरं उघडं पडतं. काठावर दगडमातीचे ढीग पडायला लागले. चांगुणा ते ढीग बघायची आणि कपाळावर हात मारायची.

आली आषाढातली पुनव. संध्याकाळची ओहोटी. राजानं धोतर खोचलं आणि उतरला चिखलात. एक पाय काढला, तर दुसरा रुतला. दुसरा काढला, तर पहिला रुतला. तिसऱ्या पावलाला जोडा कायमचा गेला. हसताय काय? राजा होता तो!

शेवटी एका बिळात त्यानं हात घातला आणि ओढून काढली, ही एवढी मोठी, हिरवीकाळी चिंबोरी.

चांगुणा म्हणाली, "महाराज, पयली खाडीची. सोडा तिला."

"मी सोडणार नाही!" राजा म्हणाला.

"मग मी पण सोडणार नाही," चिंबोरी म्हणाली आणि तिनं राजाचा अंगठा धरला.

हर्षू, चिंबोरी बोलते का म्हणून विचारू नकोस. माझ्या गोष्टीत बोलते.

मग सगळे धावले. प्रधानानं ओढली. वैद्यानं तेल लावलं. सेनापतीनं तर तलवारच काढली, पण चिंबोरी म्हणाली, "अवस येईस्तोवर सोडणार नाही," आणि असं काही आवळलं, की राजाच ओरडला, "ठेव ती तलवार!"

मग राजाचे पंधरा दिवस चिंबोरीसकट गेले. राजा दरबारात, चिंबोरी अंगठ्याला. राजा न्हाणीत, चिंबोरी अंगठ्याला. राजा जेवायला बसला, की ती मोकळ्या नांगीनं त्याच्याच ताटातलं ओढून खायची. पहिले काही दिवस राजा चिडला. मग त्याच्या लक्षात आलं, चंद्र रोज वाळतोय आणि ही रोज जड होतेय. मग तो हात उशीवर ठेवून झोपायला लागला, म्हणजे तिला अवघडू नये. एके दिवशी ती जेवली नाही, तर राजालाही जेवण गोड लागेना. "चांगुणाबाई, हिला काय आवडतं हो?" असं विचारायला तो स्वतः कोळीवाड्यात गेला.

आणि आली दिव्याची अवस. उद्यापासून श्रावण, म्हणून घराघरात रस्सा उकळत होता. चिंबोरीनं अलगद अंगठा सोडला. आचारी टोप घेऊन आला. "महाराज, आता भरली. गच्च भरली. टाकू?"

राजानं तिला उचललं. काय वजन होतं तिचं!

राजा उठला आणि अनवाणी खाडीवर गेला. चिखलात गुडघाभर उतरला आणि तिला बिळाच्या तोंडाशी ठेवलं. "जा," तो म्हणाला. "पहिली खाडीची." आणि गुणे, त्या एवढ्या मोठ्या राजाच्या डोळ्यांत पाणी आलं.

चांगुणा रडतच पाया पडली. "महाराज, मी चुकले. त्या भरलेल्या चिंबोऱ्यांत बेसन होतं."

"तरीच म्हटलं," राजा म्हणाला, "चिंबोरीला हिंगाचा वास कसा!" आणि तो पोट धरून हसला.

बांधाच्या दगडांचा होड्यांसाठी धक्का झाला. राजा अवसेला खाली उतरायचा, चांगुणाच्या ओटीवर बसायचा, दुसरी चिंबोरी खायचा, पण अंगठा तेवढा मुठीत झाकून. खाडी भरत राहिली, ओसरत राहिली, आणि गावात कुणी उपाशी निजलं नाही.

आता तुम्हीही निजा. राजानं चिंबोरी सोडली, चिंबोरीनं अंगठा सोडला. गुणे, तू माझा पदर सोड.

... झोपली वाटतं. राहू दे मग. अवस येईस्तोवर धरून ठेव.