साबणाच्या पोटातला तुकडा

“मग रंग विटायचा थांबवायचा कसा, माई? आणि ही चीर?”

जनार्दन कासलेने मांडीवरची लाकडी पेटी उघडी धरली होती. आत मऊ कापडावर साबणाची एकच वडी होती.

गोदामाई तवा घासत होत्या. राखेने. त्यांनी वर पाहिलं नाही.

टेकडीवरच्या मठात दुपारी दुसरं कुणी नव्हतं. मठ आपला म्हणायचा... एक खोली, एक चूल, दाराशी पाण्याचा रांजण आणि धुण्याचा दगड. गावातली माणसं अडलेले प्रश्न घेऊन वर यायची आणि बहुतेक वेळा भाकरी खाऊन परत जायची.

जनार्दन पहिल्यांदाच आला होता. त्याची बायको वत्सला दर सोमवारी यायची. साबण करणाऱ्याने राख फासणाऱ्यांकडे कशाला जायचं, असं तो चारचौघांत म्हणायचा. माणूस गुणी होता, पण ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

वत्सलाला जाऊन तीन वर्षं झाली होती.

“माझं काम तुम्ही पाहिलं नसेल,” तो म्हणाला. “लोक माझ्या वड्या काचेच्या कपाटात ठेवतात. खोबरेल, एरंडेल, आणि रंग सगळे झाडापाल्याचे. पिवळा हळदीचा, तांबडा मंजिष्ठेचा, निळा निळीच्या पाल्याचा. साबण ओला असतानाच काडी फिरवायची. लहर उठली पाहिजे, पण रंगात रंग कालवता कामा नये. या मुलखात दुसऱ्या कुणाला हे जमत नाही.”

“हात धुतात का?”

“कशाने?”

“तुझ्या वड्यांनी.”

जनार्दन हसला. “वापरवत नाही कुणाला.”

“तुला?”

“मी दुकानातला साबण आणतो.”

माईंनी चिमूटभर राख आणखी घेतली.

“ही मात्र विकायची वडी नव्हे.” त्याने पेटी पुढे केली.

वडी पांढरी होती. तिच्यात निळ्या-तांबड्या लहरी होत्या, पण निळा राखाडी पडला होता आणि तांबडा मातकट. मधोमध साबणाचा एक पिवळट, झिजलेला तुकडा बसवलेला होता. त्याच्याभोवती चीर गेली होती.

“पोटात काय आहे?”

जनार्दनने पेटी परत मांडीवर घेतली. खालून पिठाच्या गिरणीचा आवाज येत होता. गिरणी थांबली.

“वत्सलाने वापरलेला शेवटचा साबण,” तो अखेर म्हणाला. “न्हाणीघरात राहिला होता. झिजून पातळ झालेला. हा खळगा बघा... तिच्या अंगठ्याचा आहे. तसाच ठेवला असता तर भुगा झाला असता. म्हणून भोवती नवा साबण ओतला. म्हटलं, आत जपून राहील.”

“राहिला?”

“नवा साबण वाळताना आवळतो. जुना आधीच वाळलेला, तो आवळेना. मग चीर पडायचीच. काल शिकायला आलेल्यालाही हे कळतं.”

“आणि तुला?”

“त्या दिवशी नाही कळलं.”

माई तवा घासत राहिल्या.

“लहरींच्या नक्षीला दोघं लागतात,” तो म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. “एकाने पांढरं ओतायचं, दुसऱ्याने त्याच धारेत रंग सोडायचा. पांढरं ती ओतायची. आता दोन्ही भांडी मीच धरतो... लोकांना फरक कळत नाही.”

“घरी कोण असतं?”

“कुणी नाही. घर खायला उठतं, माई. ही पेटी उघडायची आणि वास घ्यायचा, एवढंच माझं बोलणं. आधी वाळ्याचा वास यायचा. आता तोही येत नाही. हा तुकडा गेला की माझ्यापाशी तिचं काही उरत नाही. तुम्ही काहीतरी उपाय सांगा. तेवढ्यासाठी चढून आलोय.”

माईंनी तवा भिंतीला टेकवून ठेवला.

“आधी भाकरी खाऊ. पण हात धुवायला हवेत. तुझ्या हातावर पाणी कोण घालतं?”

“कोण घालणार? नळ आहे.”

“हं.”

“तुमच्या?”

“वर कुणी आलं की धुते. नाही आलं, तर राख तशीच राहते.”

माई धुण्याच्या दगडापाशी बसल्या आणि दोन्ही हात पुढे धरले. जनार्दनने पेटी खाली ठेवली, रांजणातून तांब्या भरून घेतला. साबणासाठी कोनाड्यात हात घातला, तर एक ओबडधोबड गोळा हाती आला. त्याच्यासारख्या माणसाला बघवू नये असा.

त्याने तो उजेडात धरला. पांढऱ्या-मळकट थरांतून एक बारीक निळी रेघ गेली होती.

“हा निळा माझा आहे.”

“वत्सलाने आणलेला. तू वड्यांचे काठ तासून टाकायचास ना? ती ते मुठीत दाबून घेऊन यायची. ‘आमच्या ह्यांच्या वड्या बघायच्या, ह्या हात धुवायच्या,’ म्हणायची.”

काठ कुठे जातात याची जनार्दनने कधी चौकशी केली नव्हती. कचऱ्यात जात असतील असं धरून चालला होता.

“तीन वर्षं टिकला?”

“टिकतोय कुठला. झिजत आला की नव्या वडीला चिकटवला. ती झिजली की पुढच्या वडीला. तुझ्या आईने नाही केलं कधी?”

केलं होतं. वत्सलाही करायची. शोभा जाते म्हणून तो तिला बोललाही होता.

“मग यात तिचा कुठला, माई?”

माईंनी मान वाकडी करून गोळा या बाजूने पाहिला, त्या बाजूने पाहिला.

“मला नाही सांगता यायचं.”

जनार्दनने गोळा भिजवला आणि त्यांच्या हातांकडे नेला. माईंनी हात मागे घेतले.

“तो नको.”

त्यांची नजर पेटीकडे होती.

“नाही, माई. ती नाही.”

माई हात पुन्हा पुढे धरून बसल्या. बोटांवरची राख वाळून पांढरी पडत चालली. म्हातारी मनगटं अवघडली, तरी हात खाली आले नाहीत.

जनार्दनने गावाकडे जाणाऱ्या वाटेवर नजर टाकली. वाटेवर कुणी नव्हतं. घरीही कुणी नव्हतं. दार कुलूप लावून बंद केलेलं होतं आणि किल्ली त्याच्याच खिशात होती.



मग त्याने वडी उचलली आणि तिच्यावर थोडं पाणी घातलं. चीर होतीच. पांढरा साबण दोन बाजूंनी सुटला आणि दगडावर पडला. नक्षीसकट.

पिवळा तुकडा तेवढा तळहातावर राहिला. त्याने खळग्यात आपला अंगठा ठेवून पाहिला. खळगा लहान होता. अंगठा बसला नाही.

“सुटला, माई...”

हात समोर होतेच.

तो तुकडा त्याने माईंच्या तळव्यांवर फिरवला. आधी नुसतं राखेचं काळं पाणी गळालं. मग थोडा फेस आला. आणि फेसाबरोबर वाळ्याचा वास आला.

जनार्दन घासायचा थांबला. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. माईंनीही त्याला उगी म्हटलं नाही.

मग त्याने तांब्या कलता केला. माईंच्या हातांवरून पाणी गेलं. नखांतली राखसुद्धा निघाली.

त्याच्या मुठीत तुकडा होता. आणखी पातळ झालेला. खळगा नुसता हाताला लागत होता, डोळ्यांना दिसत नव्हता.

“रोज धुतले तर संपेल,” तो म्हणाला. “मग माझ्यापाशी काय उरेल?”

माईंनी ओले हात नाकाशी नेले. वास घेतला. चुलीकडे एकदा पाहिलं.

“तांब्या इकडे दे,” त्या म्हणाल्या. “आता तुझ्या हातावर मी पाणी घालते.”