छापायच्या आधीची वही

“बैल होतीस? मग पोळ्याला पुरणपोळी मिळाली का गं तुला?”

लखमाबाबाला आपली वही वाचून दाखवता दाखवता चांगुणा थबकली. वहीतलं सगळ्यात झकास वाक्य होतं ते... ‘मी मालकाच्या दाव्याला बांधलेला बैल होते.’ सुचलं त्या दिवशी तिनं खुशीत स्वतःच स्वतःला चहा करून पाजला होता.

“नाही मिळाली, बाबा.”

“शिंगं रंगवली? ओवाळलं?”

“बैलाला ओवाळलं. मी त्याला धुतला, शेण भरलं...”

“मग बैल कोण?”

“बैलच की.”

लखमाबाबा हसला नाही. मासे धरायची टोपली विणत राहिला.

मालकाच्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या वेठीला राबलेल्यांपैकी पाड्यावर आता हे दोघंच उरले होते. चांगुणाला अक्षरं रात्रशाळेनं शिकवली. बाकीचं सगळं बाबानं... आणि बाबाला अक्षर येत नव्हतं.

उद्या वही छापखान्यात जायची होती. पण बाबा ‘खरं आहे’ म्हणाला, तरच. तसं तिनंच ठरवलं होतं, आणि आता पस्तावत होती.

“सुटलीस तिथलं वाच.”

चांगुणानं घसा साफ केला. हे पान ती आरशासमोर तीनदा वाचून आली होती, हातवाऱ्यांसकट.

“‘सरकारी साहेब म्हणाले, तुम्ही आता मोकळे. आणि मी पाखरासारखी आभाळात झेपावले!’”

बाबाचे हात थांबले.

“कुठवर गेलीस?”

“अं?”

“झेपावलीस ना. दुसऱ्या दिवशी सकाळी कुठं होतीस?”

चांगुणानं पान उलटलं.

“बोल की.”

“मालकाच्या अंगणात.”

“बोलावणं आलं होतं?”

“नाही... उजाडलं तशी गेले. झाडायला लागले. अर्ध्यात आल्यावर आठवलं, आपण तर कालच सुटलो.”

“मग टाकलास झाडू?”

“नाही.” तिचा आवाज पार खाली गेला. “पुरतं झाडलं. अर्धं कसं सोडायचं, बाबा?”

बाबा खाली बघू लागला. त्याच सकाळी मालकाची गुरं रानात कोण घेऊन गेलं होतं, ते चांगुणाला ठाऊक होतं.

बाबानं टोपलीची काडी पुन्हा हातात घेतली.

“हे आहे वहीत?”

“नाही. लोक हसतील.”

“हसतील. पण खरं आहे.”

चांगुणानं त्या ओळीवर बोट ठेवलं. चांगल्या वळणदार अक्षरांत लिहिली होती, खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

“मग या पाखराचं काय करू, बाबा?”

“सोड त्याला, पोरी. तुझ्या वाट्याचं अंगण किती दिवस झाडायचं त्यानं?”